ॲल्युमिनियमचा थर आणि वीस वर्षं



सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला एक अट घातली. "शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत. तू तुझ्या विषयातलं काहीतरी लिही, पण आम्हाला कळेल असं." मी कॉलेजात चौतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं हे तुम्हाला माहीत आहे. त्याआधीची तीन वर्षं मी कुठे होतो आणि काय करत होतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. मीही ते कधी आपणहून सांगितलं नाही. आज त्याच विषयाचा इतिहास सांगणार आहे. त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगायची आहे.

सुरुवात आपल्या वर्गापासूनच करता येते. नववीला विज्ञानाच्या तासाला सरांनी हॅक्सॉचं पातं आणलं होतं, आठवतंय? त्यावर लोहचुंबक घासून पात्याचंच चुंबक केलं, टाचण्या चिकटवून दाखवल्या आणि मग ते पातं कटकन मोडलं. दोन्ही तुकड्यांना पुन्हा उत्तर आणि दक्षिण ध्रुव. परत मोडलं, परत तेच. मागच्या बाकावरून एकाने विचारलं (हे गृहस्थ यंदा संमेलनाच्या भोजन समितीवर आहेत), "सर, असं मोडतच गेलो तर शेवटी काय उरेल?" सर हसून म्हणाले, "शेवटचा तुकडा मी काही पाहिलेला नाही. तू पाहिलास तर मला पत्र टाक."

तो शेवटचा तुकडा म्हणजे इलेक्ट्रॉन. विद्युतभार आहे तसंच प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्वतःचं इवलंसं चुंबकत्वही आहे. त्यामागच्या गुणधर्माला इंग्रजीत स्पिन म्हणतात, मराठी परिभाषेत परिवलन. मी स्पिनच म्हणणार आहे. हा स्पिन चुंबकीय क्षेत्रात दोनच दिशा घेतो, वर किंवा खाली. मधलं काही नाही.

लायडन, दोनदा

नेदरलँड्समधल्या लायडन या गावात या गोष्टीचे दोन धागे सुरू होतात.

पहिला धागा १९११चा. हाइके कॅमरलिंग ओन्नस यांनी १९०८ साली हेलियम वायूचा द्रव केला होता. इतकी थंडी तोवर जगात कुठेच तयार झालेली नव्हती. त्या थंडीत धातूंचा विद्युतरोध किती कमी होतो ते त्यांना मोजायचं होतं. पारा ऊर्ध्वपातनाने अगदी शुद्ध करता येतो म्हणून त्यांनी पारा घेतला. एप्रिल १९११मध्ये, ४.२ केल्विनला, म्हणजे शून्याखाली २६९ अंशांच्या आसपास, पाऱ्याचा रोध एकाएकी नाहीसा झाला. कमी झाला असं नव्हे, मोजता येईल असा उरलाच नाही. प्रत्यक्ष मोजमाप करणारे त्यांचे सहकारी गिलेस होल्स्ट होते, हेही सांगायला हवं. याला आपण अतिसंवाहकता म्हणतो. आपल्या वाईतून मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला तेव्हा आपण अकरावी-बारावीत होतो. 'अ' अक्षरामुळे हा शब्द पहिल्याच खंडात भेटला. मी तो तिथेच प्रथम वाचला.

रोध नसलेली तार म्हणजे वाटेल तेवढं बलवान चुंबक बनवता येणार, असं ओन्नस यांना वाटलं. पण थोड्याच वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की बेताचं चुंबकीय क्षेत्रही अतिसंवाहकता मोडून टाकतं. चुंबक आणि अतिसंवाहक यांचं वैर तेव्हापासूनचं.

दुसरा धागा १९२५चा. त्याच लायडनमध्ये ऊलेनबेक आणि गौडस्मिट या दोन तरुणांनी इलेक्ट्रॉनला स्पिन आहे अशी कल्पना मांडली. ज्येष्ठ शास्त्रज्ञ लोरेन्ट्झ यांनी हिशेब करून दाखवलं की इलेक्ट्रॉन खरोखर भोवऱ्यासारखा फिरत असेल तर त्याचा पृष्ठभाग प्रकाशापेक्षा वेगाने फिरायला हवा. दोघे घाबरले आणि लेख परत घ्यावा म्हणून आपले गुरू एरेनफेस्ट यांच्याकडे गेले. एरेनफेस्ट यांनी तो आधीच पाठवून दिला होता. म्हणून स्पिन वाचला. गुरूने विद्यार्थ्याचा कच्चा विचार दडपून न टाकता पुढे पाठवावा, याचं हे उदाहरण मी वर्गात अनेकदा दिलं. ते मला स्वतःला किती लागू होतं ते पुढे येईलच.

अतिसंवाहकता का होते याचं उत्तर मिळायला १९५७ साल उजाडावं लागलं. बार्डीन, कूपर आणि श्रिफर यांनी दाखवलं की अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने वावरतात. जोडीतल्या एकाचा स्पिन वर, तर दुसऱ्याचा खाली. फुगडी घालणाऱ्या दोघी जशा एकमेकींकडे तोंड करून, विरुद्ध दिशांना बघत फिरतात, तसं समजा. आता बाहेरून चुंबक आलं की ते म्हणतं, सगळ्यांनी एकाच दिशेला तोंड करा. दोघींनी एकाच दिशेला तोंड केलं की फुगडी सुटते. वैराचं हे एक कारण. दुसरं असं की चुंबकीय क्षेत्र बाहेर थोपवण्यासाठी अतिसंवाहकाला आपल्या पृष्ठभागावर सतत प्रवाह खेळवत ठेवावे लागतात, आणि क्षेत्र वाढलं की हा खर्च त्याला झेपत नाही.

टॉकीजच्या दोन खिडक्या

१९६० साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीत इव्हार येव्हर नावाचे नॉर्वेहून आलेले मेकॅनिकल इंजिनिअर काम करत होते. नोकरी सांभाळून ते पदार्थविज्ञानाचा अभ्यासक्रम करत, आणि अतिसंवाहकाच्या ऊर्जेत एक रिकामी दरी असते हे त्यांनी तिथेच ऐकलं. त्यांनी ॲल्युमिनियमची पट्टी घेतली, तिच्यावर ऑक्साइडचा अतिपातळ थर येऊ दिला आणि वर शिशाची पट्टी आडवी चढवली. ऑक्साइड हा विद्युतरोधक, त्यातून वीज जायला नको. पण थर एक-दोन नॅनोमीटर इतका पातळ असेल तर क्वांटम नियमांनुसार इलेक्ट्रॉन त्यातून पलीकडे जातात. याला टनेलिंग म्हणतात. येव्हर यांना दिसलं की अतिसंवाहकाकडे जाणारा प्रवाह ठरावीक व्होल्टेजपर्यंत जवळजवळ बंद असतो आणि मग एकदम सुरू होतो. ती दरी अशी थेट व्होल्टमीटरवर मोजता आली. १९७३च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा आहे.

आता मुख्य प्रयोगाकडे येऊ. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फ्रान्सिस बिटर यांच्या नावाची राष्ट्रीय चुंबक प्रयोगशाळा होती. तिथे रॉबर्ट मेझर्व्ही आणि पॉल टेड्रो या दोघांनी वैऱ्यांना एकत्र बसवायची युक्ती काढली. ॲल्युमिनियमचा थर जेमतेम पाच नॅनोमीटर जाडीचा करायचा, म्हणजे केसाच्या जाडीचा दहा-पंधरा हजारावा भाग. आणि चुंबकीय क्षेत्र त्या थराला समांतर, कडेकडेने लावायचं. इतक्या पातळ थरात ते थोपवणारे प्रवाह खेळवायला जागाच नसते, त्यामुळे तो खर्च वाचतो आणि अतिसंवाहकता काही टेस्ला क्षेत्रातही टिकते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या लाखपटीच्या घरातलं हे क्षेत्र. तापमान अर्ध्या केल्विनच्या आत.

१९७० साली पीटर फुल्डे यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं की अशा क्षेत्रात ती एक दरी दोन होते, वर-स्पिनची वेगळी आणि खाली-स्पिनची वेगळी. हे समजायला आपली जुनी टॉकीज आठवा. तिकिटाच्या दोन खिडक्या होत्या, बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. एरवी दोन्ही खिडक्या एकाच वेळी उघडत. समजा एक खिडकी पाच मिनिटं आधी उघडली आणि दुसरी पाच मिनिटं नंतर, तर कोणत्या खिडकीवर किती तिकिटं गेली ते पाहून, बाहेर न डोकावताही, गर्दीत बायका किती आणि पुरुष किती हे मॅनेजर सांगू शकेल. चुंबकीय क्षेत्रातल्या अतिसंवाहक ॲल्युमिनियमच्या खिडक्या अशाच पुढेमागे उघडतात. एक थोड्या कमी व्होल्टेजला, दुसरी थोड्या जास्त.

मग १९७१ साली त्यांनी ऑक्साइडच्या दुसऱ्या बाजूला निकेल ठेवलं. निकेल हा लोहासारखा चुंबकीय धातू, त्यातले इलेक्ट्रॉन दोन्ही स्पिनचे समसमान नसतात. किती विषम आहेत ते खिडक्यांवर मोजलं. निकेलचा आकडा ११ टक्के आला, म्हणजे पलीकडे जाणाऱ्या शंभर इलेक्ट्रॉनांत साधारण ५५-५६ एका स्पिनचे आणि ४४-४५ दुसऱ्या. पुढे कोबाल्टचा ३४ टक्के आणि लोखंडाचा ४४ टक्के आला. पुढच्या काळात थर अधिक निर्मळ बनू लागल्यावर निकेलचा आकडा दुपटीहून वाढला. त्यावरून थराची शुद्धता किती महत्त्वाची होती ते कळतं.

आकड्यांपेक्षा मोठा धक्का होता तो चिन्हाचा. तेव्हाच्या साध्या सिद्धान्तानुसार निकेल आणि कोबाल्टमधून अल्पसंख्य स्पिनचे इलेक्ट्रॉन जास्त यायला हवे होते. आले बहुसंख्य. सिद्धान्त चुकला की प्रयोग, यावर बराच काळ चर्चा झाली. १९७७ साली मेरी बेथ स्टर्न्स यांनी सुचवलं की धातूत आहेत ते सगळे इलेक्ट्रॉन टनेलिंगमध्ये सारखे भाग घेत नाहीत. जे मोकळे फिरतात तेच जास्त पलीकडे जातात. प्रयोग बरोबरच होता.

चुंबकाचा वैरी असलेला अतिसंवाहक अशा रीतीने चुंबकाच्या अंतरंगाचा तराजू बनला. हातात वीज घेऊन तिच्यातला स्पिन मोजायचं हे पहिलं साधन.

१९७५

हे साल आपलं. नव्या पद्धतीची दहावीची पहिली बॅच म्हणून आपण मार्चमध्ये परीक्षेला बसलो. त्याच वर्षी सप्टेंबरात फ्रान्समधल्या रेन शहरातल्या मिशेल ज्युलियेर यांचा दोन पानी लेख प्रसिद्ध झाला.

त्यांची कल्पना सरळ होती. एका बाजूचा अतिसंवाहक काढून टाकायचा आणि दोन्ही बाजूंना चुंबकीय धातू ठेवायचे, एकीकडे लोखंड, दुसरीकडे कोबाल्ट, मध्ये जर्मेनियमचा पातळ थर. आता टॉकीजच्या आत खुर्च्याही बायकांच्या वेगळ्या आणि पुरुषांच्या वेगळ्या आहेत असं धरा. बाहेरच्या गर्दीत बायका जास्त आणि आत खुर्च्याही बायकांच्याच जास्त, तर गर्दी भराभर आत जाईल. खुर्च्या उलट असतील तर दारात कोंडी होईल. दोन चुंबकांची दिशा एक असेल तर प्रवाह सुखाने जावा आणि विरुद्ध असेल तर अडावा. ज्युलियेर यांना ४.२ केल्विनला १४ टक्के फरक मिळाला. मेझर्व्ही-टेड्रो यांचे आकडे घेऊन त्यांच्याच सूत्राने हिशेब केला तर २६ टक्के यायला हवा होता. कमी मिळाला, पण मिळाला.

याचा अर्थ काय ते पाहा. एक चुंबक उलटं केलं की रोध बदलतो. म्हणजे 'होय' आणि 'नाही' लिहिता येतं, वाचता येतं आणि वीज गेली तरी ते पुसलं जात नाही. हे नेहमीच्या तापमानाला जमलं असतं तर तेव्हाच केवढं काम झालं असतं! पण वीस वर्षं ते जमलं नाही. जगभर थोड्या लोकांनी प्रयत्न केले. कुणाला अगदी किरकोळ फरक मिळाला, कुणाला काहीच नाही. ज्युलियेर यांचा लेख कपाटात राहिला.

माझे एकशे चाळीस नमुने

न मिळालेल्यांत मी एक. १९८२ साली एम.एस्सी. झाल्यावर मी एका संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी दाखल झालो. विषय हाच. निर्वात घंटेखाली काचेच्या पट्टीवर कोबाल्टची बारीक रेघ उडवायची, तिच्यावर ॲल्युमिनियमचा पुसट थर, त्याला ऑक्सिजन द्यायचा आणि वर दुसऱ्या चुंबकीय धातूची आडवी रेघ. मग तारा जोडून मीटर लावायचा. बहुतेक वेळा मीटर सांगे, शॉर्ट. ऑक्साइडला कुठेतरी सुईच्या टोकाहूनही बारीक भोक असे आणि सगळी वीज तिथून पळे. पावसाळ्यात तर पट्टी बाहेर काढताक्षणी दमट व्हायची. तीन वर्षांत मी एकशे चाळीस नमुने केले. शॉर्ट नसलेले निघाले नऊ. हेलियम वर्षातून मोजक्या वेळा मिळे, तेव्हा ते नऊ थंड करून पाहिले. एकातही चुंबक फिरवल्यावर रोध हलला नाही.

शिष्यवृत्ती संपली, घरी वडील आजारी होते, कॉलेजात जागा निघाली. मी सोडून आलो. त्यात मला आजही गैर वाटत नाही, अनेकांना सोडावं लागतं. गैर केलं ते शेवटच्या अहवालात. मी लिहिलं की ज्युलियेर यांना दिसलेला फरक बहुधा नमुन्यातल्या दोषामुळे असावा. नऊ नमुन्यांच्या जोरावर! "मला जमलं नाही" असं लिहायला हवं होतं, त्याऐवजी "ते नसावंच" असं लिहिलं. आणि पुढे दहा वर्षं स्वतःलाही तेच सांगत राहिलो.

१९९२ साली माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. आपल्याच शाळेची, आपल्यानंतर दहा वर्षांनी दहावी झालेली. एम.एस्सी.ला पहिला वर्ग मिळाला होता. तिने मेझर्व्ही-टेड्रो यांचे लेख वाचले होते आणि याच विषयात पीएच.डी. करायचा तिचा विचार होता. चहा घेता घेता मी तिला म्हटलं, "अगं, त्यात काही नाही. मी तीन वर्षं घालवली आहेत. तू बँकेची परीक्षा दे." ती म्हणाली, "बरं, सर." आणि तिने खरंच बँकेची परीक्षा दिली.

एरेनफेस्ट यांची गोष्ट मी त्याच वर्षी वर्गात सांगितली असेल.

१९९५

तिकडे बिटर प्रयोगशाळेत मात्र काम थांबलं नव्हतं. १९८१ साली तिथे जगदीश मूडेरा आले. बंगळूरचा जन्म, म्हैसूर विद्यापीठाचं शिक्षण, मद्रासच्या आयआयटीची डॉक्टरेट. त्यांनी मेझर्व्ही यांच्याबरोबर अतिसंवाहक ॲल्युमिनियमचा तराजू वापरून एकामागून एक पदार्थ मोजले. १९८८ साली त्यांनी मधल्या रोधक थरालाच चुंबकीय केलं. युरोपियम सल्फाइडचा थर एका स्पिनच्या इलेक्ट्रॉनांना सोडतो आणि दुसऱ्यांना बराचसा अडवतो. साध्या, अचुंबकीय धातूतून आलेला प्रवाहही त्यातून गाळून ८० टक्के एकाच स्पिनचा निघाला.

त्याच १९८८ साली फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्रूनबर्ग यांनी लोखंड आणि क्रोमियमच्या थरांत चुंबकीय क्षेत्राने रोध मोठ्या प्रमाणावर बदलतो हे स्वतंत्रपणे शोधलं. तिथे मधला थर रोधक नव्हता, धातूचाच होता, त्यामुळे टनेलिंगची कटकट नव्हती. दोघांना २००७चं नोबेल मिळालं. १९९७च्या सुमारास आयबीएमच्या हार्ड डिस्कमध्ये हा शोध बसलासुद्धा. स्पिनकडे सगळ्यांचं लक्ष वळलं, आणि ज्युलियेर यांचा जुना लेखही पुन्हा उघडला गेला.

बिटर प्रयोगशाळेचे दिवस मात्र फिरले होते. १९९० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने नवी राष्ट्रीय चुंबक प्रयोगशाळा फ्लोरिडात उभारायचं ठरवलं. एमआयटीने हरकत घेतली, निर्णय बदलला नाही. प्रयोगशाळेच्या नावातलं 'राष्ट्रीय' गेलं. मागे राहिलेल्यांत मेझर्व्ही आणि मूडेरा होते.

एप्रिल १९९५मध्ये मूडेरा, किंडर, वाँग आणि मेझर्व्ही यांचा लेख आला. एका बाजूला कोबाल्ट-लोखंडाचा मिश्रधातू, दुसऱ्या बाजूला कोबाल्ट, मध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइड. ४.२ केल्विनला २४ टक्के फरक, ७७ केल्विनला २० टक्के, आणि नेहमीच्या खोलीच्या तापमानाला ११.८ टक्के. जपानमधल्या सेंदाई इथल्या तोहोकू विद्यापीठात तेरुनोबू मियाझाकी यांनी तेझुका यांच्यासह लोखंड घेऊन त्याच वर्षी खोलीच्या तापमानाला १८ टक्के मिळवले. वीस वर्षांनी ज्युलियेर खरे ठरले.

हा लेख मी काही महिन्यांनी पुण्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयात उभ्याउभ्या वाचला. आधी आकडे वाचले, मग नमुना कसा केला ते. थर चढवताना काचेची पट्टी द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवलेली होती, म्हणजे धातू गुठळ्या न होता सपाट पसरतो. ॲल्युमिनियमचं ऑक्सिडीकरण विद्युत विसर्गात पेटवलेल्या ऑक्सिजनने केलं होतं, म्हणजे थर सगळीकडे सारखा येतो. जाडी अशी बेतलेली की ॲल्युमिनियम सगळं संपावं, पण खालचा चुंबकीय धातू गंजू नये. तो गंजला तर तिथे स्पिन उलटतात आणि फरक नाहीसा होतो. दोन चुंबकं वेगवेगळ्या क्षेत्राला फिरणारी निवडलेली, म्हणजे त्यांना विरुद्ध दिशेला ठेवता येतं. यातली एकही गोष्ट चमत्कार नव्हती. माझ्या निर्वात घंटेच्या पंपाला सापळा थंड ठेवण्यासाठी द्रवरूप नायट्रोजन लागायचा. त्याची टाकी माझ्यापासून हातभर अंतरावर असे. पट्टीला तो लावावा हे तीन वर्षांत एकदाही सुचलं नाही. सुचलं असतं तर जमलंच असतं असं म्हणत नाही. बाकीच्या गोष्टीही कुठे ठाऊक होत्या?

मग त्यांना कशा ठाऊक झाल्या? मला वाटतं, याचं उत्तर त्या अतिसंवाहक ॲल्युमिनियममध्ये आहे. तेवीस-चोवीस वर्षं या मंडळींनी निकेल, कोबाल्ट, लोखंड यांच्यातला स्पिन मोजण्यासाठी ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचे थर चढवले. नमुना वाईट असेल तर खिडक्यांची ती नक्षी अस्पष्ट येते, दरी भरून येते. म्हणजे मीटर नुसतं 'शॉर्ट' म्हणत नव्हता, काय बिघडलंय ते सांगत होता. मला नापास एवढंच कळायचं, त्यांना उत्तरपत्रिका तपासून मिळायची. तराजू म्हणून हाती धरलेल्या अतिसंवाहकाने त्यांना थर करायला शिकवलं. १९९५च्या त्या यंत्रणेत अतिसंवाहक कुठेच नाही, पण तिच्या घडणीत तो सगळीकडे आहे.

त्यानंतर

पुढचं थोडक्यात. २००४ साली आयबीएमचे स्टुअर्ट पार्किन आणि जपानचे शिंजी युआसा यांनी मधला थर मॅग्नेशियम ऑक्साइडचा केला आणि खोलीच्या तापमानाला दोनशे टक्क्यांच्या आसपास फरक मिळवला. हार्ड डिस्कवरची माहिती वाचणारी टोकं टनेलिंगची झाली. २००६ साली याच तत्त्वावरची, वीज गेली तरी न विसरणारी मेमरी चिप बाजारात आली. शाळेच्या समूहछायाचित्रांची जी हार्ड डिस्क आपल्या चिटणीसबाईंकडे आहे, तिच्यातही असाच एक नॅनोमीटरभर थर असणार. २००९ साली मेझर्व्ही, टेड्रो, मूडेरा आणि मियाझाकी या चौघांना अमेरिकन फिजिकल सोसायटीचं बकली पारितोषिक मिळालं.

वैऱ्यांची गोष्टही पुढे गेली. १९६६ साली पियेर-जिल द जेन यांनी लिहिलं होतं की दोन चुंबकीय रोधकांच्या मध्ये पातळ अतिसंवाहक ठेवला तर चुंबकं समांतर असताना अतिसंवाहकता मोडेल आणि विरुद्ध असताना टिकेल, कारण तेव्हा दोघांची ओढ एकमेकांना मारून टाकेल. मूडेरा यांच्या गटाने २०१३ साली युरोपियम सल्फाइडच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियम ठेवून हे करून दाखवलं. एका स्थितीत रोध आहे, दुसऱ्या स्थितीत शून्य. सत्तेचाळीस वर्षं लागली. धातू पुन्हा तोच, ॲल्युमिनियम. आपल्या डब्याचा आणि पातेल्याचा.

आता शेवटचं. ती विद्यार्थिनी आज एका मोठ्या बँकेत वरच्या पदावर आहे. हा लेख लिहायला घेण्याआधी मी तिला फोन केला आणि १९९२ची गोष्ट काढली. म्हटलं, तेव्हा मी तुला जे सांगितलं ते चूक होतं. मला जमलं नव्हतं एवढंच खरं होतं, ते मी "त्यात काही नाही" असं करून सांगितलं. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, बँकेत मी आनंदात आहे. पण तो पंच्याण्णवचा लेख मीही वाचला होता." एवढंच. तिला तो कुठे मिळाला, का वाचला, हे विचारायचा धीर मला झाला नाही. तिची परवानगी घेऊनच हे लिहिलं आहे. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्या बॅचच्या मेळाव्याला, तीही येणार आहे.

त्या दिवशी सकाळी शाळेने मला नववीच्या मुलांसमोर अर्धा तास दिला आहे. हॅक्सॉचं पातं घेऊन येतोय. सर आता नाहीत, त्यामुळे शेवटच्या तुकड्याचं पत्र त्यांना पाठवायचं राहून गेलं. भोजन समितीच्या गृहस्थांनीही ते पाठवलं नसावं. हा लेखच ते पत्र समजावा.

सरांच्या स्मृतीस वंदन. भेटू संमेलनात.